पहिले व्यावसायिक डिजिटल कॅमेरे नेमके किती बनले? शोध घेणाऱ्या नवख्यांसाठी पायऱ्या

कोडॅकचा पहिला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा, डीसीएस १००, किती बनला, असं कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं: ९८७. आकडा इतका नेमका आहे की शंका घ्यायला जीव होत नाही. पण ९८७ काय? बनले, विकले गेले, की दुकानदारांकडे पाठवले? त्यात काळा-पांढरा आणि रंगीत दोन्ही धरलेत का? आकडा सांगणाऱ्या बहुतेकांना हे सांगता येत नाही, कारण त्यांनी तो दुसऱ्याच्या लेखातून उचललेला असतो आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या.

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या संख्येचा मागोवा घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुम्ही आत्ता सुरुवात करत असाल तर वाटेत कुठे पाय घसरतो ते आधीच माहीत असलेलं बरं. उदाहरणं मुख्यतः कोडॅकच्या डीसीएस मालिकेची घेतो, कारण १९९१ ते १९९८ या काळात व्यावसायिक डिजिटल एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) म्हणजे बहुतांशी कोडॅकच. पद्धत मात्र मिनोल्टा, फुजी, निकॉन, कुणालाही लागू पडते.

हाताशी काय लागेल

एक साधी स्प्रेडशीट. फोटोंच्या फाइलींतली माहिती वाचण्यासाठी एक्झिफटूल, ते फुकट मिळतं. जुनी संकेतस्थळं बघण्यासाठी वेबॅक मशीन. जुनी मासिकं शोधण्यासाठी गूगल बुक्स. इन्फोवर्ल्डसारख्या संगणक-साप्ताहिकांचे कितीतरी अंक तिथे पूर्ण वाचता येतात. कागदपत्रांपैकी माहितीपुस्तिका, किंमतपत्रकं, वापरपुस्तिका, दुरुस्तीपुस्तिका, सुट्या भागांची यादी आणि खरेदीच्या पावत्या यांच्या प्रती जमवा. हे सगळं पुण्यात किंवा ठाण्यात बसून होतं. कोडॅकचं अमेरिकेतलं गाव रॉचेस्टर, तिथे जायची गरज फार उशिरा पडते, पडलीच तर. आणि हो, हायस्कूलच्या गणिताची थोडी उजळणी करा.

१. प्रश्न आधी नीट मांडा

‘किती बनले’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. कारखान्यातून किती नग बाहेर पडले, किती वितरकांकडे रवाना झाले, किती ग्राहकांनी पैसे मोजून घेतले आणि आज किती उरलेत. चारही आकडे वेगळे असतात. प्रदर्शनात मिरवायचे नग, वृत्तसंस्थांना वापरून बघायला दिलेले नग, दुरुस्तीच्या बदल्यात दिलेले नग, हे ‘बनले’मध्ये येतात पण ‘विकले’मध्ये येतीलच असं नाही. डीसीएस १०० बद्दलचा ९८७ हा आकडा जिथे तिथे ‘विकले गेले’ या शब्दांसह येतो. तो ‘बनले’ म्हणून पुढे ढकलला, की तुमच्या सगळ्या हिशेबाचा पाया वाकडा झाला.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी क्रियापदासाठी एक रकाना ठेवा. हसू येईल, पण सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

कशाला मोजायचं नाही हेही इथेच ठरवा. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये जुळवलेला, कॅसेटवर एक चित्र नोंदवायला २३ सेकंद घेणारा कॅमेरा हा प्रयोग होता. नासाने सप्टेंबर १९९१ मध्ये डिस्कव्हरी यानातून नेलेला, निकॉन एफ४ वर बेतलेला कॅमेरा विक्रीला नव्हता. कोडॅकने ऐंशीच्या दशकात अमेरिकी सरकारी ग्राहकासाठी कॅननच्या एफ-१ बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) बनवलेला कॅमेराही तसाच. आणि १९८१ ची सोनी मॅव्हिका डिजिटल नव्हतीच. तिच्या फ्लॉपीवर अॅनालॉग व्हिडिओ संकेत नोंदवला जात असे. यांतलं काहीही यादीत घुसवू नका.

२. कॅमेऱ्याची नावं आणि जुळी भावंडं ओळखा

१९९१ च्या जाहिरातींत ‘डीसीएस १००’ शोधलंत तर हाती काही लागणार नाही. तेव्हा त्याचं नाव नुसतं ‘कोडॅक प्रोफेशनल डिजिटल कॅमेरा सिस्टम’ असं होतं. १९९२ मध्ये डीसीएस २०० आल्यावर थोरल्याला १०० म्हणायची पद्धत पडली. म्हणजे जुने कागद शोधताना जुनंच नाव वापरायचं.

दुसरा घोळ बाजारपेठेचा. डीसीएस २०० ज्या बॉडीवर बनला ती अमेरिकेत निकॉन एन८००८एस, इतरत्र एफ८०१एस. डीसीएस ४२० ची बॉडी तिकडे एन९०, इकडे एफ९०. मुंबईत बोरा बाजारातल्या जुन्या दुकानदाराला एन९० विचारलात तर तो तुमच्याकडे बघत राहील, एफ९० म्हणा.

तिसरा घोळ जास्त महागात पडतो. एकच यंत्र दोन नावांनी विकलं गेलं आहे. १९९८ चा कोडॅक डीसीएस ५२० आणि कॅनन ईओएस डी२००० हे एकच. निकॉनचा ई२ आणि फुजीचा फुजिक्स डीएस-५०५ हेही एकमेकांची जुळी भावंडं. दोन याद्या करून बेरीज केलीत आणि नंबरांची मालिका सामाईक निघाली, तर आकडा दुप्पट फुगला म्हणून समजा. उलट, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी १९९४ मध्ये आलेला एनसी२००० हा बाहेरून डीसीएस ४२० सारखाच दिसतो, पण त्यातला सेन्सर वेगळा: १.३ मेगापिक्सेलचा, ४२० चा १.५ मेगापिक्सेलचा. तो वेगळाच मोजायचा.

उपप्रकारही लिहून घ्या. डीसीएस २०० चे चार प्रकार होते: रंगीत किंवा काळा-पांढरा, आणि दोन्हींत आतल्या हार्ड डिस्कसह किंवा तिच्याशिवाय. त्यांची अक्षरं नंबराजवळच छापलेली असतील तर फोटोतून तीही टिपा.

३. कोणता नंबर कोणाचा?

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

डीसीएस १०० म्हणजे एक यंत्र नव्हे, एक संच. निकॉन एफ३ ची बॉडी, तिला मागून आणि खालून जोडलेला कोडॅकचा डिजिटल भाग, आणि जाड केबलने जोडलेली, खांद्याला लटकवायची साठवण पेटी. त्या पेटीत २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि एक छोटा काळा-पांढरा पडदा. बिनदाबलेली, म्हणजे फाइलचा आकार न घटवलेली, १५६ चित्रं तिच्यात मावायची. दाबून ठेवायचं जादा कार्ड बसवलं तर सहाशेपर्यंत.

आता नंबर किती झाले? बॉडीवर निकॉनचा, कोडॅकच्या भागावर कोडॅकचा, पेटीवर पेटीचा. निकॉनचा नंबर एफ३ च्या सर्वसाधारण उत्पादनाशी जोडलेला, आणि एफ३ तर १९८० पासून २००१ पर्यंत लाखोंनी निघाला. त्या नंबरावरून कोडॅकने किती कॅमेरे बनवले हे कळणं शक्य नाही. फार तर बॉडी साधारण कोणत्या वर्षी निघाली याचा अंदाज येतो, आणि तो मात्र कामाचा असतो: कोडॅकचा नंबर वाढत जातो तसा निकॉनचाही वाढत जात असेल तर कोडॅकची मालिका काळाच्या क्रमाने दिली गेली असण्याला आधार मिळतो.

मोजायचा तो कोडॅकच्या भागावरचा नंबर. पेटीचा नंबर वेगळ्या रकान्यात. कॅमेऱ्याचे भाग आणि पेट्या सारख्याच संख्येने निघाल्या असं गृहीत धरू नका. पेटी बिघडली की बदलली जायची, आणि आज विक्रीला येणाऱ्या संचांत कुणाची पेटी कुणाला जोडलेली आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

नंबर शोधण्याच्या तीन जागा: खालच्या बाजूची चिकटपट्टी किंवा पत्रा, खरेदीची पावती आणि फोटोची फाइल. डीसीएस ४२० आणि ४६० च्या मूळ फाइली टिफ या चित्रफाइलींच्या प्रकारात साठवलेल्या असतात, पण साध्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या तर नखाएवढं चित्र दिसतं आणि माणूस ‘फाइल खराब आहे’ म्हणून सोडून देतो. ती खराब नसते. आत कच्ची माहिती असते. एक्झिफटूलने तपासा, कॅमेऱ्याचा नंबर तिथे मिळू शकतो. फाइल आधी उघडून पुन्हा साठवू नका, नाहीतर हवी तीच माहिती पुसली जाईल.

संग्रहालयांच्या सूचीतून नोंदी घेताना आणखी एक सापळा: ‘२००३’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसला की तो कॅमेऱ्याचा नसून संग्रहालयाच्या दप्तराचा असण्याची शक्यता जास्त. पहिला आकडा वर्षासारखा दिसला की सावध व्हा.

४. कागद शोधा, पण कुठल्या कागदात काय नसतं हेही जाणा

कोडॅकच्या वार्षिक अहवालांत मॉडेलनिहाय नग सापडतील या आशेने आठवडे घालवू नका. का, ते एका गुणाकारात कळेल. डीसीएस १०० ची किंमत २० ते २५ हजार डॉलर. ९८७ नगांना २० हजारांनी गुणा: जेमतेम दोन कोटी डॉलर, तेही काही वर्षांत मिळून. त्या काळात कोडॅकची एका वर्षाची विक्री सुमारे १९ अब्ज डॉलर होती. म्हणजे सगळे कॅमेरे एकाच वर्षात खपले असते तरी एकूण विक्रीचा हजारावा भाग. भागधारकांना सांगण्याजोगी ती ओळच नव्हती.

जपानच्या कॅमेरा उद्योगाची आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या सीपाचंही तसंच. तिची डिजिटल कॅमेऱ्यांची मालिका १९९९ पासून सुरू होते आणि ती संपूर्ण उद्योगाची असते, मॉडेलची नाही. निकॉन डी१ (१९९९) नंतरच्या काळाचा अंदाज बांधायला ती ठीक, त्याआधीच्यासाठी निरुपयोगी.

मग कुठे बघायचं? कोडॅकमधले अभियंता जिम मॅकगार्वी यांनी २००४ मध्ये डीसीएस मालिकेचा इतिहास लिहून ठेवला आहे. आतल्या माणसाने लिहिलेला असल्याने मॉडेलांचा क्रम, अंतर्गत नावं आणि सेन्सरांची पिढी यांसाठी सुरुवात तिथूनच करा. रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोडॅकचा ऐतिहासिक संग्रह आहे. तिथल्या सूची घरबसल्या बघता येतात. ईमेल लिहिताना ‘कोडॅकच्या डिजिटल कॅमेऱ्यांबद्दल माहिती पाठवा’ असं लिहू नका. कोणता विभाग, कोणती वर्षं, कोणत्या प्रकारचे कागद, हे नेमकं विचारलं तर ग्रंथपाल मनापासून मदत करतात. त्याच शहरातल्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयात प्रत्यक्ष कॅमेरे आहेत.

त्या काळच्या वर्तमानपत्र-छायाचित्रकारांची मासिकं दुर्लक्षित राहतात. कोणत्या वर्तमानपत्राने किती कॅमेरे घेतले अशा बातम्या तिथे असतात. पाच इथे, बारा तिथे असे आकडे जोडत गेलात तर ‘किमान इतके तरी विकले गेले’ अशी खालची मर्यादा हाती येते. वेबॅक मशीन १९९६ पासूनचं आहे, म्हणजे डीसीएस १०० आणि २०० च्या ऐन काळाचं तिथे काही नाही. ४६० आणि ५२० च्या किंमतपत्रकांसाठी मात्र जरूर बघा.

५. नोंदवही ठेवा

खरं काम हेच, आणि ते कंटाळवाणं आहे. जुन्या लिलावांचे फोटो, संग्राहकांच्या याद्या, संग्रहालयांच्या सूची, विकायला ठेवलेले नग, सगळीकडून नंबर टिपत राहायचं.

प्रत्येक नोंदीत एवढं हवं: मॉडेल आणि उपप्रकार, कोडॅकचा नंबर, निकॉन किंवा कॅननचा नंबर, पेटीचा नंबर, कुठे पाहिला, कोणत्या तारखेला पाहिला, फोटोत स्वतः वाचला की कुणी सांगितला. शेवटचा रकाना वगळू नका. सांगोवांगी आलेल्या नंबरांत ३ चा ८ आणि १ चा ७ सहज होतो.

फोटो लगेच आपल्याकडे साठवा. लिलावाचं पान उडालं की पुरावाही उडतो.

एकच नग पुन्हा पुन्हा विक्रीला येतो, म्हणून दुबार नोंदी काढून टाका. आणि विकणारे कधी नंबराचा शेवटचा आकडा झाकतात, चोरीच्या भीतीने. तो नंबर टाकून देऊ नका. ७३ च्या पुढे एक आकडा झाकलेला असेल तर तो ७३० ते ७३९ मधला आहे एवढं कळतं आणि अंदाजाला तेवढं पुरतं. तुमची यादी इतरांना दाखवताना तुम्हीही शेवटचा आकडा झाका. मालकाचं नाव, गाव, काहीही लिहू नका.

६. आता गणित

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवते हे दोस्त राष्ट्रांना हवं होतं. हेरांचा अंदाज जून १९४१ साठी १५५० होता. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे, विशेषतः गिअरबॉक्सवरचे, नंबर घेऊन २४४ असा अंदाज काढला. युद्धानंतर जर्मन दप्तरात खरा आकडा मिळाला: २७१. तेच तंत्र आपल्यालाही चालतं.

सूत्र सोपं आहे. दिसलेला सर्वांत मोठा नंबर घ्या, त्यात तोच नंबर भागिले नोंदींची संख्या मिळवा, एक वजा करा. समजा तुम्ही २४ वेगवेगळे नंबर पाहिलेत आणि त्यांतला मोठा ८१२ आहे. ८१२ भागिले २४ म्हणजे साधारण ३४. अंदाज आला सुमारे ८४५.

पण नुसता ८४५ लिहून मोकळे होऊ नका, पल्ला द्या. वरची मर्यादा काढायला ०.०५ चं २४ वं मूळ काढा (जितक्या नोंदी तितवं मूळ; इथे ०.८८३ येतं) आणि ८१२ ला त्याने भागा: सुमारे ९२०. म्हणजे ‘८१२ ते ९२०, ९५ टक्के खात्रीने’. आता हेच फक्त ५ नोंदींवर करून बघा. अंदाज येतो ९७३ आणि वरची मर्यादा १४७८. पाच नोंदींवर कुणी छातीठोक आकडा सांगत असेल तर तुम्हाला कळलंच.

हे सूत्र तीन अटींवर उभं आहे आणि तिन्ही मोडू शकतात.

पहिली, नंबर १ पासून सुरू झाले पाहिजेत. कंपन्या १००१ पासूनही सुरुवात करतात. तुमच्या यादीत एकही लहान नंबर नसेल तर दुसरं सूत्र वापरा: मोठ्यातून लहान नंबर वजा करा, (नोंदी + १) ने गुणा, (नोंदी − १) ने भागा, एक वजा करा. २४ नोंदी, लहान नंबर १०२१, मोठा १८१२ असेल तर फरक ७९१ आणि अंदाज ८५९.

दुसरी, मधे खिंडारं नकोत. नंबर चढत्या क्रमाने लावा आणि आलेख काढा. सरळ रेष येत असेल तर ठीक. मधेच मोठी उडी असेल तर तिथे नवा उपप्रकार किंवा नवी मालिका सुरू झाली असणार. दोन्ही तुकडे वेगळे मोजा.

तिसरी, पाहिलेले नग मालिकेत कुठूनही, निव्वळ योगायोगाने आलेले असले पाहिजेत. इथे आपली बाजू लंगडी असते. सगळ्यात पहिले नग कौतुकाने जपले जातात, शेवटचे भंगारात जातात, किंवा एखाद्या वर्तमानपत्राचा अख्खा गठ्ठा एकदम लिलावात येतो आणि दहा नंबर ओळीने मिळतात. अशा गठ्ठ्यातून एकच नंबर धरून पुन्हा हिशेब करून बघा. उत्तर फार बदललं तर तुमच्याकडे अजून पुरेशा नोंदी नाहीत.

आज किती उरलेत, याचं सूत्र वेगळं. दोन स्वतंत्र याद्या घ्या, म्हणजे एका लिलावगृहाची एक आणि संग्राहकांची दुसरी. पहिलीत २० नग, दुसरीत १५, दोन्हींत सामाईक ४. (२१ × १६) भागिले ५, वजा १: सुमारे ६६. मासे मोजणारे जीवशास्त्रज्ञ हीच रीत वापरतात. मात्र कपाटात पडून राहिलेले, कधीच विक्रीला न आलेले नग यात येत नाहीत.

७. जुन्या माणसांना विचारताना

त्या काळी कोडॅकमध्ये, वृत्तसंस्थांत, दुरुस्ती केंद्रांत काम केलेली पुष्कळ माणसं आजही बोलायला तयार असतात. त्यांना ‘किती बनले?’ असं विचारलंत की ते तुम्हाला नेटवरचाच आकडा परत सांगतील, कारण त्यांनीही तो वाचलेला असतो. त्याऐवजी त्यांच्या हाताला आठवेल असं विचारा. आठवड्याला किती जुळवले जायचे? नंबर कोण चिकटवायचं? परत आलेला नग दुरुस्त करून तोच नंबर राहायचा की नवा मिळायचा? रंगीत आणि काळ्या-पांढऱ्यांची मालिका एक होती की दोन? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराने तुमचा अंदाज निम्मा किंवा दुप्पट होऊ शकतो.

सांगणाऱ्याचं नाव छापायचं का, हे आधी विचारून घ्या.

८. लिहून काढताना

आकड्याआधी क्रियापद, आकड्यानंतर पल्ला, मग नोंदींची संख्या: ‘अमुक मॉडेल, बनलेले नग, सुमारे ८४५, पल्ला ८१२ ते ९२०, २४ नोंदींवरून, अमुक महिन्यापर्यंतच्या.’ छापील आकडा आणि तुमचा अंदाज जुळत नसेल तर दोन्ही शेजारी लिहा. ओढूनताणून जुळवू नका. छापील आकडा विक्रीचा आणि तुमचा उत्पादनाचा असेल तर तुमचा मोठा निघणं साहजिकच आहे. उलट झालं, म्हणजे तुमचा अंदाज विक्रीच्या आकड्यापेक्षा लहान निघाला, तर आधी दुसऱ्या पायरीतल्या उपप्रकारांकडे परत जा: बहुतेक वेळा रंगीत आणि काळ्या-पांढऱ्याच्या दोन मालिका एकत्र झालेल्या असतात, आणि ८१२ नंबरचे कॅमेरे दोन असतात.